गॅलिलिओचा जर्मन सोबती गोव्यात उतरला आणि चीनचं पंचांग दुरुस्त करायला गेला

१६३० हे साल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिवनेरी येतो. १९ फेब्रुवारीला शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ सुरू झाला. आणि त्याच वर्षी ११ मे रोजी, इथून हजारो किलोमीटर लांब बीजिंगमध्ये, पन्नाशी ओलांडलेला एक जर्मन माणूस वारला. त्याच्या हातात तेव्हा एका बलाढ्य साम्राज्याचं पंचांग दुरुस्त करायचं काम होतं, आणि ते अर्धवट राहिलं.

या माणसाचं नाव योहानेस श्रेक. विद्वानांच्या लॅटिन जगात तो टेरेंटियस म्हणून ओळखला जायचा आणि चीनमध्ये डंग युहान म्हणून. गॅलिलिओ ज्या मंडळात होता त्याच मंडळाचा हा सदस्य. केपलरने त्याच्या पत्राचं उत्तर छापून काढलं. आणि आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे हा गडी सात-आठ महिने गोव्यात राहून गेला.

श्रेकचा जन्म १५७६ चा, दक्षिण जर्मनीतला. शिकला वैद्यक. पण त्या काळात डॉक्टर म्हणजे फक्त नाडी बघणारा नसे. औषधं वनस्पतींपासून बनायची म्हणून वनस्पती ओळखाव्या लागायच्या, आणि रोगाचा संबंध ग्रहताऱ्यांशी जोडला जायचा म्हणून आकाशाचं गणितही यावं लागायचं. श्रेकला हे सगळं यायचं आणि वर अनेक भाषा. पॅरिसमध्ये त्याने फ्रांस्वा व्हिएत या गणितज्ञाच्या हाताखाली काम केलं. बीजगणितात आपण आकड्यांऐवजी अक्षरं वापरतो ना, ती पद्धत रुळवणारा हाच तो व्हिएत. १६०३ मध्ये व्हिएत गेला आणि श्रेक इटलीत पादुआला पोहोचला. तिथे तेव्हा गॅलिलिओ शिकवत होता.

पुढे १६०९ मध्ये गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली आणि सगळंच बदललं. चंद्रावर डोंगर दिसले, गुरूभोवती फिरणारे चार उपग्रह दिसले. एप्रिल १६११ मध्ये गॅलिलिओ रोममध्ये होता, तेव्हा फेदेरिको चेसी नावाच्या तरुण सरदाराने त्याला मेजवानी दिली. या चेसीने काही वर्षांपूर्वी विद्वानांचं एक मंडळ काढलं होतं. लिंक्स नावाच्या तीक्ष्ण नजरेच्या रानमांजरावरून त्याचं नाव पडलं लिन्चेई. ‘टेलिस्कोप’ हे नाव पहिल्यांदा जाहीरपणे घेतलं गेलं ते याच मेजवानीत, आणि त्या रात्री दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या पाहुण्यांत श्रेकही होता. थोड्याच दिवसांत गॅलिलिओ मंडळाचा सदस्य झाला आणि त्याच्या पाठोपाठ श्रेक.

म्हणजे बघा, पस्तिशीचं वय, जगातल्या सगळ्यात भारी शोधाच्या अगदी शेजारची खुर्ची. मेक्सिकोतल्या वनस्पतींवरच्या एका मोठ्या ग्रंथाचं कामही मंडळाने त्याच्याकडे दिलं होतं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पठ्ठ्या हे सगळं सोडून जेझुइट झाला. म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंच्या एका कडक शिस्तीच्या संघात दाखल झाला. चेसीला आणि गॅलिलिओला हा धक्काच होता.

त्याने असं का केलं? श्रद्धा हे कारण होतंच. पण जेझुइटांकडे आणखी एक गोष्ट होती जी चेसीकडे नव्हती. त्यांची माणसं गोव्यापासून जपानपर्यंत पसरलेली होती. नव्या वनस्पती, नवं आकाश, नव्या भाषा बघायच्या तर यांच्यासारखं जहाजाचं तिकीट दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. आणि त्या सुमाराला या संघाला चीनसाठी अगदी अशाच माणसाची गरज होती.

पंचांग चुकलं तर गादी हलते

चीनमध्ये तेव्हा मिंग घराण्याचं राज्य होतं. तिथला सम्राट म्हणजे स्वर्गाचा पुत्र. दरवर्षी पंचांग काढणं हा त्याचा अधिकार होता आणि कुणी परस्पर त्यात हात घातला तर तो गुन्हा. ग्रहण कधी लागणार हे दरबाराने आधी सांगायचं. सांगितलेल्या वेळी ते लागलं नाही, तर सम्राटावरची स्वर्गाची मर्जी उडाली अशी कुजबुज सुरू व्हायची.

अडचण अशी होती की मिंग दरबाराचं गणित मुळात १२८१ साली बसवलेल्या पद्धतीवर चालत होतं. तेव्हा ती पद्धत उत्तम होती. पण सव्वातीनशे वर्षांत बारीक बारीक चुका साचत गेल्या. १५ डिसेंबर १६१० च्या सूर्यग्रहणाचा दरबारी अंदाज चुकला आणि ते सगळ्यांना दिसलं. चीनमधल्या जेझुइटांनी हेरलं की इथे धर्माचं दार गणिताच्या किल्लीने उघडेल. त्यांचा निकोला त्रिगो हा माणूस युरोपात परतला आणि गावोगाव फिरून पुस्तकं, उपकरणं आणि मुख्य म्हणजे गणित येणारी माणसं गोळा करू लागला. श्रेक त्याला जाऊन मिळाला.

ग्रहणाचं गणित इतकं अवघड का, हे दोन मिनिटांत समजून घेऊ, कारण श्रेकचं पुढचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो ती वाट सूर्याच्या दिसणाऱ्या वाटेशी साधारण ५ अंशांनी तिरकी आहे. या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे आपले राहू आणि केतू. अमावस्येला सूर्य-चंद्र यातल्या एखाद्या बिंदूजवळ असले तरच सूर्यग्रहण लागतं. हे बिंदू स्वतःही सरकत असतात. चंद्राचा वेगही रोज सारखा नसतो. त्यात चंद्र आपल्या इतका जवळ आहे की पुण्यातून आणि बीजिंगमधून तो ताऱ्यांमध्ये किंचित वेगवेगळ्या जागी दिसतो, म्हणून प्रत्येक गावासाठी हिशोब निराळा. चंद्राच्या जागेत एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी चूक झाली तरी ग्रहणाची वेळ सुमारे दोन मिनिटांनी चुकते. दरबारात घड्याळ लावून बसलेल्या विरोधकांना तेवढं पुरतं.

गोव्यातला मुक्काम

१६ एप्रिल १६१८ रोजी लिस्बनहून जहाज सुटलं. त्रिगोच्या तुकडीत श्रेकसोबत अ‍ॅडम शाल हा कोलोनचा तरुण जर्मन होता, जाकोमो रो हा इटालियन होता आणि किर्विट्झर नावाचा बोहेमियातला गणितज्ञ होता. सामानात पुस्तकं होती, उपकरणं होती आणि दुर्बीणही. (हे लोक निघून महिना होतो न होतो तोच, १५ मे १६१८ रोजी, तिकडे केपलरला ग्रहगतीचा तिसरा नियम सापडला. जहाजावर ही बातमी कळायला काहीच मार्ग नव्हता.) वाटेत रोगाची साथ आली, त्रिगोच्या तुकडीतली काही माणसं समुद्रातच गेली. डॉक्टर असलेल्या श्रेकने रोग्यांची सेवा केली आणि तो स्वतः वाचला. ४ ऑक्टोबरला जहाज गोव्याला लागलं.

तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? विजापुरात दुसरा इब्राहिम आदिलशहा गादीवर होता. मलिक अंबर निजामशाहीसाठी मुघलांना झुंजवत होता आणि खडकी हे त्याचं नवं शहर आकाराला येत होतं. (पुण्यातल्या खडकीकरांनी लगेच कॉलर ताठ करू नये. हे खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर.) आणि गोव्यात फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट म्हातारे झाले होते. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध मराठी काव्य दोनच वर्षांपूर्वी, १६१६ मध्ये, राचोलला छापून झालं होतं.

श्रेक गोव्यात रमला तो झाडाझुडपांत. युरोपला माहीत नसलेल्या सुमारे ५०० वनस्पती त्याने टिपल्या असं सांगितलं जातं. पुढे आशियातल्या वनस्पती, प्राणी आणि खनिजं यांच्यावर तो मोठा ग्रंथ लिहीत राहिला. प्राचीन रोमच्या प्लिनीची आठवण ठेवून त्याने नाव दिलं ‘प्लिनिउस इंडिकुस’, म्हणजे हिंदुस्थानचा प्लिनी. तो ग्रंथ कधीच छापला गेला नाही आणि हस्तलिखितही हरवलं. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतलं हे सर्वांत मोठं नुकसान आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा डचांचा प्रसिद्ध ग्रंथ यायला अजून साठ वर्षं होती.

गोव्यात औषधी वनस्पतींवर लिहिणारा श्रेक पहिला नव्हता, हेही सांगायला हवं. गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये इथेच आपलं पुस्तक छापलं होतं. त्यात इथल्या वैद्य-हकिमांकडून मिळालेलं ज्ञान भरपूर आहे. ऑर्टा मूळचा ज्यू घराण्यातला. तो गेल्यावर १५८० मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. श्रेक ज्या गोव्यात वनस्पती गोळा करत फिरला ते गोवा हेही होतं.

मग नोव्हेंबर उजाडला आणि आकाशात धूमकेतू दिसू लागले. १६१८ मध्ये एकामागोमाग तीन धूमकेतू आले आणि शेवटचा तर इतका ठळक की जगभर लोक बाहेर येऊन बघत होते. उत्तरेत जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्याची नोंद केली. युरोपात याच धूमकेतूवरून गॅलिलिओ आणि जेझुइट गणितज्ञांची जुंपली. आणि गोव्यात किर्विट्झर आणि त्याच्या सोबत्यांनी रात्रीमागून रात्री त्याच्या जागा मोजल्या, दुर्बिणीतून त्याचं डोकं न्याहाळलं. भारतात दुर्बिणीतून केलेलं हे पहिलं नोंदलेलं निरीक्षण मानलं जातं. किर्विट्झरची पुस्तिका १६२० मध्ये छापून आली. लॅटिनमध्ये, जर्मनीत.

“गॅलिलिओसाहेब, तेवढं गणित पाठवा”

वर दिलेलं वाक्य त्याचं नाही, माझं आहे. पण श्रेकच्या पुढच्या काही वर्षांतल्या पत्रांचा सूर साधारण हाच.

मे १६१९ मध्ये त्याने गोवा सोडलं आणि जुलैत मकाव गाठलं. चीनमध्ये परदेशी धर्मगुरूंना हाकलण्याची मोहीम नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे आत शिरायला १६२१ उजाडलं. तिथे त्याने नव्याने शाळा सुरू केली, स्वतःसाठी. चिनी भाषा शिकायची, लिपी शिकायची. सोबतच त्याला उमगलं की आपल्याकडची ग्रहणाची कोष्टकं पुरेशी अचूक नाहीत. मग जुन्या ओळखी आठवल्या. रोममधल्या आपल्या मित्राला, योहान फाबर या डॉक्टरला, त्याने लिहिलं की गॅलिलिओकडून ग्रहणाची काही नवी रीत मिळते का बघ.

गॅलिलिओकडून काही आलं नाही. त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. मार्च १६१६ मध्ये चर्चने पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताची पुस्तकं रोखली होती. धूमकेतूवरून जेझुइटांशी वाद पेटला होता. त्यात ग्रहणाचं गणित हा गॅलिलिओचा प्रांतही नव्हता. आकाशात काय दिसतं हे त्याच्याइतकं कुणी दाखवलं नाही, पण चंद्राची कोष्टकं करणारा माणूस वेगळा होता. तो म्हणजे केपलर, आणि तो तर प्रोटेस्टंट.

१६२३ मध्ये श्रेकने चीनमधल्या छांगशू गावातून जर्मनीत इंगोलश्टाटच्या जेझुइट मित्रांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात चिनी कालगणनेची माहिती होती आणि प्रश्नही होते. ते पत्र फिरत फिरत केपलरच्या हाती पडायला चारेक वर्षं गेली. तिकडे युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट तीस वर्षांच्या युद्धात एकमेकांचे गळे कापत होते. केपलरला धर्मापायी गावं सोडावी लागली होती. तरी या प्रोटेस्टंट माणसाने एका कॅथलिक धर्मगुरूच्या प्रश्नांना मुद्द्यागणिक उत्तर दिलं. १६२७ मध्येच त्याची ग्रहांची नवी कोष्टकं प्रसिद्ध झाली होती, त्या काळातली सगळ्यात अचूक. हे उत्तर १६३० मध्ये छापून आलं. त्याच वर्षी मे महिन्यात श्रेक गेला आणि नोव्हेंबरमध्ये केपलर.

मधल्या काळात श्रेक गप्प बसला नव्हता. वांग जंग या चिनी विद्वानाबरोबर त्याने यंत्रांवर चित्रमय पुस्तक केलं. तरफ, कप्पी, पाणी उपसायचे मळसूत्री पंप, सगळं चित्रांसकट चिनी भाषेत. ते १६२७ मध्ये छापलं गेलं. शरीररचनेवर त्याने एक मसुदा केला, तो त्याच्या मागे प्रसिद्ध झाला. त्रिकोणमितीचं पुस्तकही त्याच्या नावावर आहे. म्हणजे साइन आणि कोसाइन, ज्यांनी आपल्याला दहावीत छळलं, ते याने चीनला नेले.

मग आला २१ जून १६२९. बीजिंगमध्ये सूर्यग्रहण. तीन अंदाज मांडले गेले. एक जुन्या दरबारी पद्धतीचा, दुसरा तिथल्या मुस्लिम खगोलज्ञांच्या पद्धतीचा आणि तिसरा युरोपीय पद्धतीचा. हा तिसरा मांडला होता शू ग्वांगची या बड्या अधिकाऱ्याने. शू स्वतः ख्रिस्ती झालेला, भूमितीवरचा युक्लिडचा ग्रंथ चिनीत आणणाऱ्यांपैकी एक. श्रेकसारख्यांचं गणित आता त्याच्या पाठीशी होतं. पहिले दोन अंदाज चुकले. तिसरा जुळला.

सप्टेंबरमध्ये छुंगजन सम्राटाने हुकूम काढला की पंचांगसुधारणेची कचेरी उघडा. प्रमुख शू ग्वांगची आणि गणिताला परदेशी म्हणून श्रेक आणि त्याचा एक वयस्कर सहकारी. गोव्याच्या बंदरात पाय ठेवल्याला जवळपास ११ वर्षं झाली होती. ज्या कामासाठी तो निघाला होता ते आता कुठे सुरू झालं आणि आठच महिन्यांत तो गेला. एका औषधी वनस्पतीचा स्वतःवरच प्रयोग करताना जीव गेला असं सांगितलं जातं. वैद्य शेवटपर्यंत वैद्यच राहिला म्हणायचं.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. गुरूचे उपग्रह दाखवणाऱ्या माणसासोबत बसलेला श्रेक चीनमध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं शिकवू शकला नाही. चर्चच्या बंदीमुळे जेझुइटांनी टायको ब्राहेची मधली वाट धरली. बाकीचे ग्रह सूर्याभोवती, पण सूर्य मात्र पृथ्वीभोवती. ग्रहणाच्या हिशोबाला तसा काही फरक पडत नाही, वेळा बरोबर येतात. पण चीनने युरोपकडून घेतलेलं आकाश सुरुवातीपासूनच एका तडजोडीचं होतं.

त्याच्या जागी शाल आणि रो यांना बोलावलं गेलं. होय, जहाजावरचे तेच दोघे. त्यांनी काम तडीला नेलं. १६३४ मध्ये सम्राटाला दुर्बीण भेट दिली गेली. १६४४ मध्ये मिंग घराणं कोसळलं आणि नव्या छिंग राजवटीने पुढच्याच वर्षी हे नवं पंचांग लागू केलं. शाल दरबारी खगोल-कचेरीचा प्रमुख झाला. पण १६६४ मध्ये विरोधकांनी त्याच्यावर खटला भरला आणि अर्धांगवायूने वाचा गेलेल्या या म्हाताऱ्याला मृत्युदंड सुनावला गेला. एप्रिल १६६५ मध्ये बीजिंगला भूकंपाचा धक्का बसला, दरबार घाबरला आणि शाल सुटला. त्याचे पाच चिनी सहकारी मात्र सुटले नाहीत. पंचांगाच्या भांडणात त्यांची डोकी उडवली गेली.

आणि आपल्याकडे? गोव्यात १६१८ मध्ये जे मोजलं गेलं त्यातलं काही मराठीत आलं नाही. मराठी ओवीत अख्खं क्रिस्तपुराण रचलं गेलं, दुर्बिणीतून काय दिसलं यावर ओळही नाही. युरोपातल्या कोष्टकांवरून ग्रहांच्या जागा काढायची रीत मराठीत आणली केरो लक्ष्मण छत्रे यांनी, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ या पुस्तकात, १८६० साली. म्हणजे श्रेकच्या गोवा मुक्कामानंतर २४२ वर्षांनी. आपल्याकडे त्यापायी कुणाचं डोकं उडालं नाही, पण भांडण झालंच. छत्र्यांच्या गणितावरून निघालेलं पटवर्धनी पंचांग फार थोड्या लोकांनी स्वीकारलं. पुढे छत्र्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी पंचांगशुद्धीचा विषय लावून धरला, परिषदा भरवल्या. त्यातून आलेलं टिळक पंचांग पाळणारी घरं कोकणात आजही आहेत, आणि अधिक महिन्याचा हिशोब वेगळा पडला की त्यांच्याकडे गणपती शेजाऱ्यांपेक्षा महिनाभर आधी बसतो.